बांबू कुणी काढले

पद्मा, गेल्या गुरुवारी सकाळी तुझा मृत्यू झाला. कारण मेंदूतला रक्तस्राव. ठिकाण सोलापूर, घराजवळचाच दवाखाना. दुपारी अंत्यसंस्कार झाले. संध्याकाळी मी कार्यालयात येऊन तुझी बातमी लिहिली. ती दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर एक कॉलम छापून आली. वय, शिक्षण, नोकरी, मागे कोण कोण, सगळं तिथं आहे. इथं ते पुन्हा लिहीत नाही.

बातमीत न बसणारी एक गोष्ट बाहेर राहिली. मला तुझा हेवा वाटायचा. 'वाटायचा' हेही बरोबर नाही. गुरुवारी दुपारीसुद्धा वाटत होता.

तुमच्या गल्लीतले यंत्रमाग तेवढ्यापुरते बंद ठेवले होते. त्या गल्लीत आपण कायम ओरडूनच बोललो, त्यामुळं तिथली शांतता मला ओळखू येईना. विडी कामगारांच्या वसाहतीतून दोन रिक्षा भरून बायका आल्या. त्या तुझ्या आईच्या, अम्मांच्या भोवती बसल्या आणि तेलुगूत बोलू लागल्या. मी शेजारी उभी होते. एकीनं वर बघून विचारलं, "तुमी कोण?"

"मैत्रीण. पत्रकार आहे."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा अम्मांकडं वळली.

मी या शहरात वीसेक वर्षं बातमीदारी करते. माझं नाव पानावर छापून येतं. त्या दोन रिक्षांतल्या एकाही बाईला ते माहीत नव्हतं. तुझं नाव त्या घरच्या मुलीचं घ्यावं तसं घेत होत्या.

आपण एकाच बाकावर बसून राज्यशास्त्र शिकलो. माझे गुण तुझ्यापेक्षा जास्त होते. या लेखात हे आवश्यक नाही, पण खरं आहे.

टाळेबंदीच्या दिवसांत मला पत्रकार म्हणून पास होता. मी स्कूटरवरून रिकाम्या शहरात हिंडायचे. तू पूर्व भागातल्या घरात अडकलेली, माग बंद, तुझा भाऊ श्रीनिवास दिवसभर घरात येरझाऱ्या घालत असलेला. रोज संध्याकाळी बातमी दिल्यावर तुझा फोन यायचा.

"आज कुठं कुठं बांबू लागले?"

रुग्ण सापडला की गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधून रस्ता बंद करायचे. ती यादी माझ्याकडं असायची. मी वाचून दाखवायचे.

"आणि निघाले कुठले?"

"निघाल्याची वेगळी बातमी नसते गं. लागल्याची असते."

"का नसते?"

"अडवलेलं लोकांना सांगावं लागतं. सुटल्यावर ते आपणच बाहेर येतात की."

"मला निघालेले सांग," तू म्हणालीस.

तुझा प्रबंध तिथून सुरू झाला. पुढं तू तो नीट शब्दांत मांडलास: महामारीत एकच नियम सगळ्या शहराला लागू असतो, मग तो एका प्रभागात आधी सैल होतो आणि दुसऱ्यात उशिरा, असं का? लस एकीकडं लवकर पोचते, दुसरीकडं मागाहून, असं का? निवडणुकीत दोन पक्षांत जिथं चुरस असते, तिथलं धोरण वेगळं उतरतं का?

शहर मी बघत होते. रिकामे चौक, बांबू, धान्यवाटपाच्या रांगा, सगळं माझ्या डोळ्यांदेखत. प्रश्न मात्र घरात कोंडलेल्या बाईला पडला. याचा हेवा मला सगळ्यात जुना आहे. मी हे तुला कधी बोलून दाखवलं नाही. तू ओळखलं असशील. याला दुजोरा देणारं आता कुणी नाही.

तुझं म्हणणं सरळ होतं. चुरशीच्या प्रभागात दोन पक्षांचे नगरसेवक एकमेकांच्या डोक्यावर बसलेले. एकानं फवारणी केली की दुसऱ्याला करावीच लागते. एकानं लसीकरण शिबिर आणलं की दुसरा पुढच्या चौकात मंडप घालतो. आणि एकानं व्यापाऱ्यांना 'बांबू काढून देतो' म्हटलं की दुसरा त्याच्या आधी काढून द्यायला धावतो. म्हणजे चुरशीनं लसही लवकर येते आणि बंधनही लवकर सुटतं. फायदा आणि धोका एकाच दारानं आत येतात. जिथं एकाच पक्षाचे सगळे नगरसेवक वर्षानुवर्षं निवडून येतात, तिथं यातलं काहीच घाईनं होत नाही. असल्या प्रभागाला तू 'शांत प्रभाग' म्हणायचीस.

माहितीसाठी तू आमच्या कार्यालयात येऊन जुने अंक चाळायला लागलीस. एका दुपारी पार्क चौकातल्या टपरीवर चहा पिताना मी तुझा मुद्दा खोडला.

आमच्याकडं एक पद्धत आहे. प्रभागातल्या एका गटाची प्रेसनोट घेतली की विरुद्ध गटाचीही घ्यायची, तेवढ्याच जागेत. नाहीतर सकाळी फोन येतात. त्यामुळं चुरशीच्या प्रभागातून रोज दोन फोटो, दोन बातम्या. शांत प्रभागातून काहीच नाही, कारण तिथं कुणाला कुणाशी बरोबरी करायची नसते.

"तू काम मोजत नाहीस, पद्मा," मी म्हणाले. "तू प्रेसनोटा मोजतेस. शांत प्रभागात काम झालं नाही असं नाही. त्याचा फोटो आला नाही."

तू कप खाली ठेवलास.

"आणखी एक," मी म्हणाले. "विरोधकाचा फोटो माझ्या पानावर दिसला म्हणून दुसऱ्यानं शिबिर लावलं. मग चुरस पक्षांची राहिली कुठं? फोटोंची झाली."

"काय बे तू," तू म्हणालीस. "एवढं कळत होतं तर इतकी वर्षं गप्प का बसलीस?"

"मला कुणी विचारलं नाही."

"बरं की. मग आता दारोदार जाऊन विचारू."

मला वाटलं होतं तू मुद्दा सोडशील. तू जुने अंक बाजूला ठेवलेस आणि शांत प्रभागात घरोघरी जायला लागलीस. दिवसा कॉलेजात तास, संध्याकाळी वसाहत. तुला तेलुगू येत होतं. दार वाजवलं की तू त्यांच्या भाषेत नाव सांगायचीस आणि दार पूर्ण उघडायचं. मी मोहोळची, मला तेलुगू येत नाही. माझ्यासाठी तिथं दार अर्धंच उघडतं.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या एका रविवारी तू मला सोबत नेलंस. एक म्हातारी उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विडीची पानं कातरत बसली होती. तिला मी इथं नरसव्वा म्हणते. खरं नाव वेगळं आहे.

"तू कुठल्या पक्षाची गं, बिड्डा?" पोरीला हाक मारावी तसं तिनं तुला विचारलं.

"कुठल्याच नाही. विद्यापीठाची."

"त्याचं चिन्ह काय?"

"चिन्ह नाही."

"मग मत कसं द्यायचं?" शेजारच्या दारातल्या दोघी हसल्या.

"मत नको, माहिती पाहिजे."

"आधी माहिती नेतेत, मग चिन्ह घेऊन येतेत," नरसव्वा म्हणाली. माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "ही कोण?"

"ही पेपरवाली. माझी मैत्रीण."

नरसव्वाची कात्री थांबली. हे मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ लावला नाही.

लसीबद्दल ती मोकळेपणानं बोलली. "आली की. सगळ्यांच्या मागनं आली. हितं मतासाठी कोण भांडतंय? आमचं मत कुटं जातंय, त्यांना ठाव हाय."

तू माझ्याकडं बघितलंस. तुझा मुद्दा मराठीत, माझ्यासमोर, सिद्ध होत होता. मग प्रश्न मी विचारला.

"आणि बांबू? ते कुणी काढले?"

या बोळातले बांबू शहरातल्या बऱ्याच ठिकाणांच्या आधी निघाले होते, हे मला माहीत होतं. मी एका सकाळी तिथून गेले तेव्हा ते जागेवर नव्हते आणि तशी एक ओळ माझ्या बातमीतही होती. शांत प्रभाग, चुरस नाही, तरी बांबू लवकर निघाले. तुझ्या मांडणीत हा एकच बोळ बसत नव्हता.

"वारं सुटलं होतं," नरसव्वा म्हणाली.

"वाऱ्यानं बांबू निघाले?"

"लई वारं होतं त्या वर्षी."

शेजारच्या दोघी पदर तोंडाला लावून आत गेल्या. तूही हसलीस. परतताना स्कूटरवर मी मागं वळून म्हणाले, "घाल प्रबंधात. साक्षीदार: वारा."

"पुढं बघून चालव," तू म्हणालीस.

"तुझा सिद्धांत त्या बोळात पडतो, पद्मा. बांबू महापालिकेनं काढले. तिला वाटलं तेव्हा काढले. पक्षांचा काही संबंध नाही."

"महापालिकेनं काढले हे तुला कुणी सांगितलं?"

"दुसरं कोण काढणार?"

"दुजोरा कुणाचा, पत्रकारीणबाई?"

मी हॉर्न वाजवला. गर्दी होती.

नंतरच्या महिन्यांत आपण यावर किती वेळा भांडलो ते लिहून ठेवलेलं नाही. भांडण तेच, जागा वेगळ्या. एकदा बोरामणी नाक्यावर बस चुकली, तेव्हा. एकदा अम्मांनी वाढलेलं ताट समोर असताना. अम्मा म्हणाल्या, "जेवा आधी. बांबू कुठं पळून जात नाहीत." सुरुवातीला तू जोरात भांडायचीस. पुढं पुढं तू नुसतं ऐकून घ्यायला लागलीस. मी धरून चालले की तू हरलीस. हरलेल्या माणसाशी वागतात तशी मी तुझ्याशी जरा प्रेमानं वागू लागले. वाढदिवसाला साडी आणली ती त्याच काळात.

मागच्या वर्षी तुझी मौखिक परीक्षा झाली. खुली होती, कुणालाही बसता येत होतं. मी तिसऱ्या रांगेत होते. बाहेरगावच्या परीक्षकांनी प्रबंधाची स्तुती केली. मग चष्मा काढून विचारलं, "या एका प्रभागापुढं तुम्ही 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहिलंय. तुमच्या निष्कर्षाला हाच अपवाद आहे. इथले अडथळे कुणी हटवले, हे तुम्ही शोधलं नाही?"

"त्या ठिकाणाबद्दल मी काही लिहू शकत नाही, सर."

"मग ही मांडणीतली उणीव धरावी लागेल."

"धरा, सर," तू म्हणालीस.

त्यांनी ती धरली. अहवालात एक वाक्य आलं. पदवी मिळाली, पण वाक्य राहिलं. मला त्या क्षणी बरं वाटलं. पेढे वाटताना तू माझ्यासमोर आलीस तेव्हाही वाटत होतं.

"एवढं एक उत्तर असतं तुझ्याकडं," मी म्हणाले, "तर कुणाला बोलायला जागा नव्हती."

"जाऊ दे की," तू म्हणालीस. "पेढा घे."

गेल्या रविवारी श्रीनिवासनं मला घरी बोलावलं. तुझ्या प्रबंधाचं पुस्तक छपाईला जायचं आहे, हे मला ठाऊक होतं. प्रकाशकांचा निरोप होता. त्या प्रभागाचा भाग उत्तराविना छापला तर सगळे त्यावरच बोट ठेवतील. तो काढून टाकावा का, हे घरच्यांनी ठरवावं.

"अक्का असती तर काय म्हणाली असती, ताई?" श्रीनिवासनं विचारलं. "तुम्ही दोघी त्याच्यावरच भांडायच्या ना?"

अम्मा म्हणाल्या, "काढू नको. तिचं आहे ते." मग माझ्याकडं वळल्या. "का काढायचं? तू सांग."

मी म्हणाले, दोन दिवस द्या.

हे मी कशासाठी म्हणाले, ते मला नीट माहीत नाही. तो भाग काढला असता तर आपलं भांडण माझ्या बाजूनं मिटलं असतं. कायमचं, छापील. तसं मिटावं असं मला वाटत होतं. आणि दुसरीकडं, तुझ्याशी भांडायची ती शेवटची जागा उरली होती.

काल मी वसाहतीत गेले. या वेळी दार उघडायला तू नव्हतीस. नरसव्वा उंबऱ्यातच होती. गुरुवारी 'तुमी कोण' असं विचारणारी बाईही शेजारीच बसली होती.

"ये. बस," नरसव्वा म्हणाली. आधी पाणी दिलं, मग विचारलं, "तिनं तुला काय सांगितलं?"

"कशाबद्दल?"

"बांबूबद्दल."

"काही नाही."

"कदीच न्हाई?"

"नाही."

ती शेजारणीकडं वळून तेलुगूत काहीतरी बोलली. मला त्यातलं फक्त तुझं नाव कळलं. शेजारणीनं डोळ्यांना पदर लावला.

"वारं न्हाई बाई," नरसव्वा म्हणाली. "आमीच काढले. बायकांनी. कारखाना चालू झाला, पानं मिळायला लागली, आणि आमी बांबूच्या आत. पान न्हाई तर विडी न्हाई, विडी न्हाई तर खायाचं काय? नगरसेवक फोन उचलंना. त्यानं कशाला उचलावा? त्याला कुणाची भीती हाय? मग आमीच दोऱ्या कापल्या. ह्याच कात्रीनं."

"आणि पोलीस?"

"आले की. कुणी काढले म्हणून ओरडले. सगळ्या गल्लीनं एकच सांगितलं. वारं."

"पद्माला हे कधी सांगितलंत?"

"तू आलतीस ना, त्याच्या पुढच्या रविवारी. एकटी आली. मला म्हणाली, अम्मा, वाऱ्याला कात्री कुटली? आमच्या बांबूंना राहिलेली दोरीची टोकं बघितली होती तिनं. मग सांगितलं. म्हटलं, त्या पेपरवालीला सांगू नको, लिहू बी नको, आमच्यावर केस होईल. न्हाई म्हणाली. न्हाई म्हणजे न्हाई."

मी शेजारणीला वेगळं बाजूला नेऊन विचारलं. तिनंही हेच सांगितलं, त्याच क्रमानं. दोन बायका, एकच हकिकत. एवढ्यावर आमच्याकडं बातमी सोडतात.

म्हणजे क्रम असा लागतो. उत्तर तुझ्याकडं होतं. बोरामणी नाक्यावर होतं, अम्मांच्या ताटासमोर होतं, परीक्षकांनी चष्मा काढला तेव्हाही होतं. ते उत्तर तुझ्याच बाजूचं होतं. जिथं चुरस नव्हती तिथं नेता फिरकला नाही, म्हणून बायकांनी दोऱ्या कापल्या. तुझा सिद्धांत त्या बोळात पडत नव्हता. उलट तिथंच सगळ्यात घट्ट उभा होता. एक वाक्य बोलली असतीस तर परीक्षक गप्प झाले असते. मीही. तू 'धरा, सर' म्हणालीस आणि मला पेढा दिलास.

तुझ्या प्रश्नाचा, तुझ्या भाषेचा, तुझ्यासाठी उघडणाऱ्या दारांचा हेवा मला सांभाळता येत होता. त्यावर माझ्याकडं उत्तरं तयार होती. यावर नाही. माझ्या धंद्यात हाती आलेलं वाक्य संध्याकाळच्या आत पानावर जातं. ते हातात धरून, समोरच्याला जिंकल्यासारखं हसू देऊन, त्याच्याच स्कूटरवर मागं बसून घरी जाणं मला जमलं नसतं. तुला ते जमत होतं, आणि मला ते एकदाही दिसलं नाही. साडी आणली त्या दिवशी तू घडी उघडून रंग बघितलास आणि हसत म्हणालीस, "काय गं, एकदम एवढं प्रेम?" आता मला ते हसू आठवतं. तेव्हा ऐकलं होतं, लक्षात ठेवलं नव्हतं.

याबद्दल तुझे आभार मानायचे असतील तर कुठून सुरुवात करायची, ते मला कळत नाही. म्हणून एवढंच लिहिते: तू माझ्याशी खोटं एकदाही बोलली नाहीस. मी सगळं आठवून तपासलं. तू फक्त ऐकून घेतलंस.

फोटोंचा मुद्दा मात्र मी मागं घेतलेला नाही. त्यावर तुझं उत्तर बाकी आहे.

उठताना मी नरसव्वाला विचारलं, आता लिहू का?

"लिही. आता केस कोण करतंय? माझं नाव नको. तिचं घाल."

"तुम्ही आधी मला का नाही सांगितलंत?"

"तू छापलं असतंस की," ती म्हणाली.

आज सकाळी मी श्रीनिवासला फोन केला. तो भाग पुस्तकातून काढू नको, त्याचं उत्तर मिळालं आहे, असं सांगितलं. अम्मांनी फोन घेतला. त्यांना आधीपासून माहीत होतं का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. प्रकाशकांना कळवलं आहे. 'माहिती उपलब्ध नाही' या शब्दांच्या जागी आता एक ओळ येईल. ती दोन्ही बायकांना वाचून दाखवली. त्यांनी होकार दिला.

बांबू वसाहतीतच आहेत. बोळाच्या तोंडाशी बांधलेले होते, आता आत आहेत. त्यांतला एक नरसव्वाच्या दाराशी जमिनीत रोवलेला आहे. त्याला दोरी बांधली आहे. काल तिच्यावर धुणं वाळत होतं.